दलालामार्फत माइल्स विकताना किंवा घेताना: आधी हे तपासा

मागच्या एका दिवाळीनंतर इंदिरानगरचे एक काका-काकू माझ्या ऑफिसात आले. मुलगी न्यू जर्सीला, जानेवारीत तिचं बाळंतपण. तिकिटं त्यांनी आधीच काढली होती, तीही बिझनेस क्लासची. काकूंच्या गुडघ्यांमुळे व्हीलचेअर सांगायची होती आणि दोघांना शेजारी-शेजारी जागा हवी होती, माझ्याकडे काम एवढंच होतं. नाशिकच्या गंगापूर रोडला गेली अठरा वर्षं मी तिकिटांचं काम करते, त्यामुळे प्रिंट हातात घेतल्यावर नजर आपोआप भाड्याच्या रकान्यात गेली. तिथं भाडं नव्हतंच, फक्त कर होते. विमान एका कंपनीचं आणि तिकीट नंबर दुसऱ्याच कंपनीचा.

विमान कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, "ज्यांच्या खात्यातून हे तिकीट निघालंय, ते तुमचे कोण?" काका माझ्याकडे बघत राहिले. तो खातेदार कोण, कुठला, हे त्यांना माहीतच नव्हतं. तिकिटं देणाऱ्याने एवढंच बजावलं होतं: "कुणी विचारलं तर पुतण्या आहे म्हणा." दोघांच्या जाण्या-येण्याचे त्यांनी तीन लाख चाळीस हजार मोजले होते. सरळ मार्गाने त्याच तिकिटांना दुप्पट पैसे पडले असते.

त्यांचं पुढे काय झालं ते ओघात येईलच. हा लेख दोन प्रकारच्या माणसांसाठी आहे. सातपूर-अंबडच्या कंपनीतून जर्मनीच्या वाऱ्या करून किंवा फेब्रुवारीत बर्लिनच्या फळप्रदर्शनाला जाऊन ज्यांच्या खात्यात माइल्स (विमान कंपनी देते ते बक्षीस पॉइंट्स, ज्यांवर तिकीट काढता येतं) साठलेत आणि "विकून टाका, पैसे करा" असा मेसेज ज्यांना येतो, ते पहिले. त्याच माइल्सवर निघालेलं स्वस्त तिकीट ज्यांना दाखवलं जातं, ते दुसरे.

माइल्स नक्की कोणाचे?

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये आपली माइल्स योजना काढली आणि मग जगभरच्या कंपन्यांनी तीच वाट धरली. आपण विमानाने फिरतो, बँकेचं कार्ड घासतो, खात्यात आकडा वाढतो आणि तो आपल्या बचतीसारखा वाटू लागतो. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. माइल्स म्हणजे कंपनीने आपल्या अटींवर दिलेलं वचन आहे. जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीच्या नियमांत लिहिलेलं असतं की माइल्स ही सभासदाची मालमत्ता नाही, ते विकता येत नाहीत, त्यांची अदलाबदल करता येत नाही, आणि असं आढळलं तर कंपनी माइल्स जप्त करेल, खातं बंद करेल, निघालेली तिकिटं रद्द करेल.

किंगफिशरची विमानं २०१२ मध्ये जमिनीवर आली तेव्हा लोकांचे साठवलेले माइल्स कागदावरच राहिले. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, पण तिची माइल्स योजना वेगळ्या कंपनीत होती म्हणून ते माइल्स इंटरमाइल्स या नावाने वाचले. म्हणजे आपल्या हातात काही नव्हतं, कंपनीची रचना कशी होती त्यावर सगळं ठरलं. आपल्या प्राप्तिकर खात्याने ३० जून २०२२ च्या अधिसूचनेत आभासी डिजिटल मालमत्तेच्या (क्रिप्टो वगैरे) व्याख्येतून माइल्स आणि रिवॉर्ड पॉइंट्स वगळले. त्यात त्यांचं वर्णनच असं आहे की थेट पैसे न घेता दिलेले आणि फक्त वस्तू, सेवा किंवा सवलत मिळवण्यासाठी वापरता येणारे.

न्यायालयात भांडू म्हणाल, तर एक उदाहरण लक्षात ठेवा. वारंवार तक्रारी करतो म्हणून नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने मिनेसोटातल्या एका रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचं, सभासदत्व काढून घेतलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये न्यायालयाने एकमताने त्यांच्या विरोधात निकाल दिला. त्यांनी माइल्स विकले नव्हते. ज्याने विकले, त्याची बाजू याहून लंगडी.

दलालाची साखळी कशी चालते

दलाल माइल्स "ट्रान्सफर" करत नाही. बहुतेक वेळा तो तुमच्या खात्यात शिरतो. तुमचा सभासद क्रमांक आणि पासवर्ड घेतो, ओटीपी मागतो, कधी ईमेल आणि मोबाइल नंबरही बदलून घेतो. मग तुमच्या माइल्सवर तिसऱ्याच माणसाच्या नावाने अवॉर्ड तिकीट काढतो, म्हणजे भाड्याऐवजी माइल्स आणि वर फक्त कर भरून निघणारं तिकीट. कराची रक्कम कुठल्या तरी कार्डाने भरली जाते. ते कार्ड कोणाचं, हे ना तुम्हाला माहीत असतं ना प्रवाशाला. तिकीट खरं असतं, पीएनआर खरा असतो, कंपनीच्या वेबसाइटवर दिसतो. म्हणून घेणारा निर्धास्त राहतो.

या साखळीत चोरीचे माइल्सही मिसळलेले असतात. २०१५ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या हजारो सभासदांच्या खात्यांत घुसखोरी झाली होती. दुसरीकडून फुटलेले पासवर्ड या खात्यांवर चालवून बघायचे, एवढीच युक्ती. आपल्यापर्यंत आलेलं तिकीट राजीखुशीने विकलेल्या माइल्सचं की चोरलेल्या, हे प्रवाशाला कळायला मार्ग नाही.

विकणाऱ्याच्या पदरात काय पडतं

अंबडच्या एका इंजिनिअर मुलाचं उदाहरण सांगते. त्याच्याकडे दीड लाख माइल्स होते. माइलला साठ पैसे भाव ठरला, म्हणजे नव्वद हजार रुपये. तीस हजार आगाऊ, बाकी "प्रवास झाल्यावर". हा "प्रवास झाल्यावर" नीट समजून घ्या. अनेक कंपन्या साधारण अकरा महिने आधी जागा खुल्या करतात. त्यामुळे तुमच्या खात्यातून आज निघालेल्या तिकिटाचा प्रवास पुढच्या वर्षी असू शकतो.

दिंडोरी-निफाडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. द्राक्षं तोडली, गाडी भरली, व्यापारी म्हणाला पैसे आठ दिवसांत, आणि नवव्या दिवशी फोन बंद. त्या व्यवहारात निदान वजनाची पावती तरी हातात असते. इथे तीही नसते. तक्रार करायला जाल तर आधी हे कबूल करावं लागतं की मी माझ्या खात्याचा पासवर्ड दिला.

पैसे मिळाले तरी धोका टळत नाही. एरवी स्वतःचा आणि घरच्यांचाच प्रवास दिसणाऱ्या खात्यावर एकाएकी वेगवेगळ्या आडनावांची, वेगवेगळ्या देशांतली तिकिटं निघाली, की कंपनीच्या तपासणी विभागाला ते लगेच दिसतं. खातं गोठलं की विकलेलेच नाही, तर उरलेले माइल्सही जातात आणि वर्षानुवर्षं कमावलेला गोल्ड-प्लॅटिनम दर्जा जातो. त्याच खात्यातून तुम्ही आई-वडिलांचं तिकीट काढलं असेल तर तेही धोक्यात येतं. या मुलाच्या बाबतीत तेच झालं. ऐन मे महिन्यात घरच्यांची सिंगापूरची सहल गेली.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती माहितीची. त्या खात्यात तुमचा पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, पत्ता, बायको-मुलांचे तपशील, कधी साठवलेलं कार्ड असतं. अशी माहिती एकदा बाहेर गेली की परत येत नाही. एअर इंडियाच्या प्रवाशांची माहिती फुटल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं तेव्हा सुमारे पंचेचाळीस लाख प्रवाशांचे तपशील त्यात होते आणि लोक हवालदिल झाले होते. इथे तर आपण ती स्वतःच्या हाताने देतो. तोच पासवर्ड ईमेललाही असेल, तर दलालाला घराची किल्लीच मिळाली. आणि तुमच्या खात्यातून निघालेल्या तिकिटावर कोण प्रवास करतंय हे तुम्हाला ठाऊक नसतं. त्या प्रवाशाची चौकशी निघाली तर पहिला फोन तुम्हाला येईल.

काही दलाल आणखी एक सल्ला देतात: "कंपनीने पकडलं तर सांगा, खातं हॅक झालं होतं." हे कधीही करू नका. ओटीपी कुठल्या मोबाइलवर आला, पैसे कुठल्या बँकेत जमा झाले, याची नोंद राहते. खोटी तक्रार दिली की नियमभंगाचं प्रकरण फसवणुकीचं होऊन बसतं.

घेणाऱ्याचं काय होतं

काका-काकूंना मी त्याच दिवशी सांगितलं की पैसे परत मागा. दलाल म्हणाला, "तिकीट निघालंय, परत होत नाही." मुलीचे दिवस भरत आले होते, दोघे गेले. जाताना मुंबईला कुणी काही विचारलं नाही. परतीचं तिकीट जूनमधलं. मे महिन्यात जावयाने सहज वेबसाइटवर पाहिलं तर पीएनआर दिसेना. खातेदाराने तक्रार केली किंवा कंपनीनेच पकडलं, नक्की काय ते कधीच कळलं नाही. दलालाचा नंबर लागेना. सुट्टीच्या गर्दीतलं एका बाजूचं तिकीट, तेही दोघांचं, शेवटी जावयाने काढून दिलं. काकूंना पैशापेक्षा जावयापुढे खाली पाहावं लागल्याचं जास्त लागलं.

अवॉर्ड तिकिटाचा धनी खातेदार असतो, प्रवासी नव्हे. तारीख बदलायची, रद्द करायचं, विमानाची वेळ बदलली म्हणून दुसरं विमान मागायचं, तर बहुतेक ठिकाणी खातेदारालाच विचारलं जातं. रद्द झालं तर माइल्स खातेदाराच्या खात्यात आणि कराचे पैसे ज्याने भरले त्याच्या कार्डावर परत जातात. तुम्ही दिलेल्या लाखांची नोंद कंपनीच्या पुस्तकात कुठेच नसते, म्हणून तिथे भांडायलाही जागा नसते. आपली माणसं सहा-सहा महिने मुलांकडे राहतात, म्हणजे परतीचं तिकीट तितके महिने परक्याच्या मर्जीवर टांगलेलं. पकडायला कंपनीला वेळही तितकाच मिळतो.

चेक-इन काउंटरवर विचारणा झाली आणि नातं खोटं सांगितलं, तर पुढचा प्रश्न येतो: त्यांचं पूर्ण नाव काय, राहतात कुठे? वयस्कर माणसं तिथेच गडबडतात. जपानच्या दोन्ही मोठ्या कंपन्या आणि कोरियन एअर तर अवॉर्ड तिकीट फक्त जवळच्या नातेवाइकांनाच देतात, तिथे "मित्र आहे" म्हणूनही भागत नाही. मग एकतर पूर्ण भाडं भरा किंवा घरी परता. नाशिकहून कसारा घाट उतरून गेलेल्या माणसाने सामानासकट मध्यरात्री परत फिरायचं म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको.

पैसे देण्याआधी तिकीट वाचायला शिका

सर्वांत आधी भावाकडे बघा. सरळमार्गी एजंटलाही कंपन्यांकडून घाऊक किंवा कॉर्पोरेट दर मिळतात आणि तो थोडं स्वस्त देऊ शकतो. पण त्याच तारखेचं, त्याच विमानाचं बिझनेस क्लास तिकीट निम्म्या किमतीत कोणी देत असेल, तर ते कुठून आलं हे विचारणं तुमचा हक्क आहे. "हे अवॉर्ड तिकीट आहे का? कोणाच्या खात्यातून?" हा प्रश्न व्हॉट्सअॅपवर लेखी विचारा. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

मग तिकीट नंबर. तो तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे तिकीट काढणाऱ्या कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, सिंगापूर एअरलाइन्सचे ६१८, लुफ्थान्साचे २२०, युनायटेडचे ०१६, अमेरिकनचे ००१. विमान एकीचं आणि नंबर दुसरीचा, एवढ्यावरून लगेच संशय घेऊ नका. भागीदार कंपन्या एकमेकींची तिकिटं रीतसर विकतात. पण त्याच्या जोडीला भाड्याच्या रकान्यात शून्य असेल, किंवा रक्कम छापलेलीच नसेल आणि फक्त कर दिसत असतील, तर ते बहुधा अवॉर्ड तिकीट आहे. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या भागीदार कंपनीच्या विमानात अवॉर्डसाठी वेगळी अक्षरं असतात: इकॉनॉमीला एक्स, बिझनेसला आय, फर्स्टला ओ. हे अक्षर तिकिटावर वर्गाच्या नावाजवळ छापलेलं असतं.

माझी आवडती कसोटी मात्र याहून सोपी आहे. दलालाला म्हणा, "आमचा सभासद क्रमांक टाका, या प्रवासाचे माइल्स आमच्या खात्यात जमा होऊ देत." पैसे भरून काढलेल्या बहुतेक तिकिटांवर कमी-जास्त माइल्स जमा होतात. अवॉर्ड तिकिटावर होत नाहीत. इथे समोरचा अडखळतो.

त्यानंतर बिल मागा: जीएसटी क्रमांकासकट, प्रवाशांच्या नावाने, भाडं आणि कर वेगळे दाखवणारं. पैसे वैयक्तिक यूपीआयवर, तेही दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी मागत असेल तर थांबा. आणि "काही झालं तरी विमान कंपनीला थेट फोन करू नका, मलाच करा" हे वाक्य ऐकलंत, तर पुढे काही तपासायची गरजच नाही. आपल्या पैशाच्या तिकिटाबद्दल कंपनीला फोन करायला कुणी कशाला अडवेल?

ओळखीच्या माणसाने सुचवलं म्हणून यातली एकही पायरी गाळू नका. काकांना तो नंबर त्यांच्या सोसायटीतल्या सज्जन गृहस्थानेच दिला होता, आणि त्या गृहस्थांचा स्वतःचा प्रवास सुखरूप झाला होता.

सरळ मार्ग आहेत, आणि पुरेसे आहेत

माइल्स कमी पडत असतील तर बऱ्याच कंपन्या स्वतःच्या वेबसाइटवर ते विकतात, अधूनमधून जादा माइल्सची सवलतही देतात. पण आधी हव्या त्या तारखेला अवॉर्डची जागा आहे का ते बघा. मग माइल्सची किंमत अधिक कर असा हिशेब मांडून साध्या तिकिटाशी ताडून पाहा. काही कंपन्या अवॉर्ड तिकिटावर इंधन अधिभार इतका लावतात की फायदा उरत नाही. क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स विमान कंपनीकडे वळवतानाही हाच क्रम ठेवा, कारण एकदा वळवलेले पॉइंट्स सहसा बँकेत परत येत नाहीत.

जास्तीचे माइल्स असतील तर आपल्या माणसांसाठी वापरा. पैसे न घेता स्वतःच्या खात्यातून आई-वडिलांचं तिकीट काढणं बहुतेक योजनांत पूर्ण नियमात बसतं. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये पाच जणांची नावं नोंदवता येतात, एमिरेट्समध्ये कुटुंबातल्या आठ जणांचे माइल्स एकत्र जमा करता येतात. दोन्हीकडे माइल्सचं आयुष्य साधारण तीन वर्षांचं आहे, तेव्हा मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत जवळ आली की माणूस घाबरून दलालाला फोन करतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. तिकिटापुरते माइल्स नसतील तर सीट वरच्या वर्गात बदलून घ्या किंवा हॉटेलसाठी वापरा. कंपनी दानाची सोय देत असेल तर दान करा.

आधीच अडकला असाल तर

माइल्स विकलेत आणि खातं अजून चालू आहे? आजच पासवर्ड बदला, ईमेल-मोबाइल आपलेच आहेत ना ते पाहा, साठवलेली कार्डं काढून टाका, तोच पासवर्ड जिथे जिथे असेल तिथे बदला. पुढच्या तारखांची कोणती तिकिटं निघालीत ते बघून नोंद ठेवा. रागाच्या भरात ती परस्पर रद्द करू नका. त्या तिकिटावर कुणाची तरी आई परदेशातून घरी यायची असते. दलालाकडे पुढचे व्यवहार बंद केल्याचं लेखी कळवा. कंपनीने विचारलं तर खरं सांगा. माइल्स जातील, पण गोष्ट तिथेच थांबण्याची शक्यता राहते.

असं तिकीट घेतलंत आणि प्रवास व्हायचाय? पैसे परत मागा, आणि तेवढ्यात दुसरं, रद्द करता येणारं तिकीट धरून ठेवा. जाऊन पोहोचला असाल तर परतीचं तिकीट आठवड्यातून एकदा कंपनीच्या वेबसाइटवर तपासा. नुसता पीएनआर दिसला म्हणजे झालं असं नाही, त्याला तेरा आकडी तिकीट नंबर अजून जोडलेला आहे का ते पाहा. तिकीट रद्द झालं तरी पीएनआर काही काळ दिसत राहू शकतो. परतीच्या एका बाजूच्या भाड्याएवढे पैसे वेगळे काढून ठेवा, आणि मुलांना आधीच सांगून ठेवा. काउंटरवर खोटं नातं सांगू नका.

पैसे बुडाले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी अडवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घेऊन नाशिकच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड वापरला असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६सी आणि ६६डी ही कलमं येऊ शकतात. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे व्यवहारावर लेखी हरकत घ्या. समोरचा दुकान-ऑफिस थाटून बसलेला एजंट असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ चाही उपयोग होतो.

आणि १९३० चा फोन सोडून बाकी सगळं करायच्या आधी पुरावा गोळा करा. काकांनी अमेरिकेत फोन बदलला, जुनी चॅट नव्या फोनवर आलीच नाही, आणि ठाण्यात दाखवायला त्यांच्याकडे यूपीआयच्या दोन पावत्यांशिवाय काही उरलं नाही. म्हणून दलालाशी तोंड वाजवण्यापूर्वी व्हॉट्सअॅपमधून पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा, त्याच्या प्रोफाइलचा आणि नंबरचा स्क्रीनशॉट घ्या, तिकिटाची मूळ पीडीएफ ठेवा, ज्या ज्या खात्यांवर पैसे गेले त्यांची नावं आणि व्यवहार क्रमांक एका कागदावर तारीखवार लिहा. त्या कागदाच्या दोन प्रती काढा. एक ठाण्यात द्यायची, दुसरीवर पोहोच म्हणून शिक्का घ्यायचा.